पाला पेंडीसारखा मोजा

दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली की बेळगाव जिल्ह्यात चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणीकडच्या गोठ्यांत तीन-चार महिने एकच वैरण दिसते, ती म्हणजे वाढे, उसाचे हिरवे शेंडे. तोड शेजारच्याच फडात चालू असते, भारा स्वस्तात मिळतो आणि गाय पोटभर खाते. तरी डेअरीवर दूध हळूहळू उतरतं आणि एसएनएफ, म्हणजे दुधातला स्निग्धांश सोडून उरलेला घन भाग, लागत नाही. मग पेंड वाढवली जाते आणि दुधाचं निम्मं बिल पेंडीच्या उधारीत वळतं होतं. त्याच शेताच्या बांधावर सुबाभूळ नाहीतर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) पाल्यानं लगडलेलं उभं असतं. तो पाला शेळ्यांनी खाल्ला तर खाल्ला, नाहीतर गळून जातो.

झाडपाल्याबद्दल आपल्याकडे दोन समज आहेत. एक म्हणजे तो शेळीचं खाणं आहे, गाईच्या दावणीला शोभत नाही. दुसरा म्हणजे हिरवंच आहे ना, मग टाका हवं तेवढं. नुकसान जास्त करतो तो दुसरा. कोरड्या वजनावर बघितलं तर वाढ्यात प्रथिनं 5-6 टक्के असतात, कडब्यात आणि भाताच्या पिंजरात त्याहूनही कमी. सुबाभूळ, गिरिपुष्प, शेवरी, हादगा, शेवगा यांच्या कोवळ्या पाल्यात ती 20 ते 25 टक्के भरतात. सालासकटची सरकी पेंडसुद्धा 22 टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणजे हा पाला वैरणीच्या नाही, पेंडीच्या रांगेत बसतो. पेंड कुणी हाताला येईल तेवढी ओतत नाही, मापानं घालतो. पाल्यालाही तोच नियम लावायचा.

वाढ्याबरोबर पाल्याची जोडी जमते, त्याला कारण आहे. गाईच्या पोटातले जंतू वाढ्यातला तंतू फोडतात, पण त्या जंतूंना स्वतः वाढायला नत्र लागतं. एकूण खाण्यात प्रथिनं 7 टक्क्यांच्या खाली गेली की जंतू मंदावतात, वैरण पोटात जास्त वेळ पडून राहते आणि गाय खाणंच कमी करते. थोडा पाला पडला की तेच वाढे नीट पचायला लागतात. शिवाय वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून टाकतं. पाल्यात कॅल्शियम भरपूर असल्यामुळे तिकडची तूटही थोडी भरून निघते.

आता हिशोब बघू. साधारण 400 किलो वजनाची, 12 लिटर दूध देणारी एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाय धरा. तिला दिवसाला 13 किलोच्या आसपास कोरडं खाद्य लागतं. रूढ हिशोबानं पेंड म्हणजे शरीरासाठी 1 किलो आणि लिटरमागे 400 ग्रॅम, म्हणजे पावणेसहा किलोच्या पुढेमागे. या गाईला 15 किलो वाढे, 3 किलो कडबा आणि 8 किलो ओला पाला द्या. ओल्या पाल्यात कोरडा भाग पाव हिश्शाहून थोडा जास्त असतो, म्हणून 8 किलोत सव्वादोन किलो कोरडं आणि त्यात साडेचारशे ग्रॅमच्या पुढे प्रथिनं आली. कागदावर एवढ्या प्रथिनांनी सव्वादोन किलो गोळी पेंड वाचायला हवी. पण कमी करायची फक्त दीड किलो. पाल्यातली काही प्रथिनं टॅनिन या तुरट द्रव्याला बांधलेली असतात, सगळी अंगी लागत नाहीत, आणि पेंडीतून जी ऊर्जा मिळते ती पाला देत नाही. पाला सुरू झाला म्हणून पेंड बंद करणाऱ्याची गाय महिन्यात वाळते. मग दोष पाल्यावर जातो.

वजन मोजताना फांदी मोजू नका. काडीसकट भारा 16 किलो भरला तर त्यातला खाण्याजोगा पाला आणि पेन्सिलीएवढी कोवळी काडी निम्मीच निघते. चार दिवस दावणीत उरलेल्या काड्या तोलून बघा, तुमच्या झाडाचं प्रमाण कळेल. पुढे बुट्टीनं मोजलं तरी चालतं.

कुठल्या मातीत कुठलं झाड हे आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे, कारण पन्नास-साठ मैलांत जमीन आणि पाऊस पार बदलतो. खानापूरकडच्या तांबड्या, आम्ल जमिनीत सुबाभूळ खुरटतं. बी उगवतं, गुडघ्याएवढं होतं आणि तिथंच पिवळं पडून बसतं. त्या मातीत गिरिपुष्प बरं येतं. जोडीला परड्यातला फणस आणि बांधावरचं धामणीचं झाड आहेच. प्रथिनं यांत कमी असतात, पण पाला निर्धोक आहे. बेळगाव, हुक्केरीकडच्या निचऱ्याच्या जमिनीत सुबाभूळ आणि शेवगा दोन्ही जमतात. कृष्णाकाठच्या काळ्या, पाणी साचणाऱ्या, खारवट झालेल्या रानात शेवगा लावू नका. मूळ कुजतं आणि दुसऱ्या पावसाळ्यात रांगच्या रांग आडवी होते. तिथं शेवरी लावा, तिला ओल आणि थोडं खारं दोन्ही सोसतं. पानमळ्यात वेलाला आधार म्हणून शेवरी, हादगा, पांगारा लावणाऱ्यांकडे हा पाला छाटणीत आयताच निघतो. अथणीच्या कोरड्या पट्ट्यात पाणी नसलेल्या बांधावर सुबाभूळ तगतं. तिकडे अंजनाचं जुनं झाड असेल तर ते तोडू नका. प्रथिनांत ते सुबाभळीच्या निम्म्यालाही येत नाही, पण टंचाईत तेवढाही पाला मोलाचा असतो.

रोप किंवा बी मागताना नावाची गफलत होते, तीही सांगून ठेवतो. शेवग्याला कन्नडमध्ये नुग्गे म्हणतात, गिरिपुष्पाला गोब्बरद गिड. हादग्याला अगसे म्हणतात, पण जवसालाही अगसेच म्हणतात. बियाण्याच्या दुकानात नुसतं अगसे मागितलं तर जवस हातात पडेल. ‘अगसे मर’, म्हणजे अगसेचं झाड, असं स्पष्ट सांगा.

सुबाभळीचं भय लोकांना सगळ्यात जास्त आहे आणि अर्धवट माहितीमुळे ते टिकून राहिलं आहे. तिच्या पानात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, कोवळ्या शेंड्यात सगळ्यात जास्त. पोटात त्याचं रूपांतर होऊन जे तयार होतं ते गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला त्रास देतं. शेपटीच्या गोंड्याचे केस गळतात, लाळ सुटते, गळ्याखाली गाठ दिसते, खाणं कमी होतं आणि गाभण गाईचं वासरू अशक्त जन्मतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी हवाईतल्या जनावरांच्या पोटातला, हे द्रव्य पचवून टाकणारा जंतू ऑस्ट्रेलियातल्या गुरांत नेला. तिथं सुबाभळीनं आजारी पडणारी गुरं त्यानंतर तोच पाला खाऊन पोसली. त्या जंतूच्या नावात आज जोन्स यांचं नाव आहे. आपल्याकडच्या गुरांत अशी पचनशक्ती सहसा असते, पण जंतूंची संख्या वाढायला वेळ द्यावा लागतो. म्हणून पहिले तीन दिवस 1 किलो, मग दर दोन दिवसांनी अर्धा-एक किलो वाढवत अडीच ते चार आठवड्यांत 8 किलोवर जायचं. एकूण कोरड्या खाण्यात सुबाभूळ 30 टक्क्यांवर कधीच नको. दुभत्या गाईला मी 20 टक्क्यांवर थांबा असंच सांगेन. मध्ये महिनाभर पाला बंद होता आणि पुन्हा सुरू करायचा असेल तर पुन्हा 1 किलोपासून. ही पायरी सगळेच विसरतात. घोडा, डुक्कर आणि सशाला हा पाला देऊ नका, त्यांना तो सोसत नाही.

गिरिपुष्पाची अडचण वेगळी आहे. ताज्या पाल्याला उग्र वास येतो, गाय तोंड लावून मागे सरते आणि माणूस ठरवून टाकतो की आमची गाय हे खात नाही. आदल्या संध्याकाळी पाला तोडून सावलीत पातळ पसरून ठेवा. सकाळपर्यंत तो मलूल होतो आणि वास उतरतो. सुरुवातीला कुट्टीत चिमूटभर मीठ आणि मूठभर कोंडा मिसळून द्या, आठवड्यात सवय होते. पण ‘पातळ पसरून’ हे शब्द लक्षात ठेवा. पावसाळ्यात ओला पाला ढीग करून ठेवला की आतून तापतो आणि बुरशी धरतो. गिरिपुष्पात कुमारिन असतं. बुरशी त्याचं असं द्रव्य करते की त्यानं जनावराचं रक्त गोठत नाही. नाकातून रक्त, कातडीखाली सूज, सुई टोचलेल्या जागेतून न थांबणारं रक्त अशी लक्षणं दिसली तर पाला तिथल्या तिथं बंद करून डॉक्टरांना बोलवा आणि गिरिपुष्प घातलं होतं हे आधी सांगा. यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन चालतं, पण कारण माहीत नसेल तर उपचार भलतीकडे जातो.

शेवरी आणि हादगा गाय आवडीनं खाते आणि त्यातच धोका आहे. उपाशी गाईपुढं दवानं भिजलेला कोवळा पाला टाकला तर पोट फुगू शकतं. आधी 2 किलो कडबा किंवा पिंजर, मग पाला. हा क्रम कुठल्याही पाल्याला लावा. शेवग्यात विषारी असं काही नाही आणि पचायलाही तो हलका आहे. मात्र धारेच्या आधी दोन-तीन तासांत दिला तर दुधाला वास लागतो. सुबाभूळ आणि गिरिपुष्पाचंही तसंच. धार काढून झाल्यावर पाला घाला, म्हणजे डेअरीवर कॅन परत येणार नाही.

तुतीचा पाला या सगळ्यांत उत्तम. पचनाला त्याच्या तोडीचा दुसरा झाडपाला नाही. म्हैसूरच्या रेशीम संशोधन संस्थेची व्ही-1 ही जात आपल्या भागात चांगली येते. रेशीम करणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. किड्यांच्या खाटेवरून निघालेला उरलेला पाला आणि काड्या गाईला घालू नयेत. त्यावर चुना आणि जंतुनाशक भुकटी धुरळलेली असते. गाईला बागेतून थेट तोडलेलाच पाला द्या, आणि फवारणी केली असेल तर औषधाच्या डब्यावर लिहिलेली मुदत संपल्यावर. निपाणीकडं तंबाखूच्या, आणि सगळीकडेच भाजीपाल्याच्या प्लॉटला लागून असलेल्या बांधावरच्या पाल्यालाही हेच लागू आहे. फवाऱ्याचं तुषार वाऱ्यानं बांधावर येतं.

भाऱ्यात चुकून काय येतं याकडं फार कमी लोक बघतात. गिरिपुष्पाच्या कुंपणातच घाणेरी वाढलेली असते आणि कोयत्यानं एका घावात दोन्ही तुटतात. घाणेरीनं यकृत बिघडतं, डोळे पिवळे होतात, शेण घट्ट होतं आणि उन्हात उभ्या एचएफ गाईची पांढरी कातडी भाजल्यासारखी सोलते. काळी कातडी तशीच राहते, यावरून ओळखता येतं. अशी गाय लगेच सावलीत घ्या. कण्हेर तर त्याहून वाईट, थोड्याशा पानांनी जनावर दगावतं आणि वाळलेलं पानही तेवढंच विषारी असतं. महामार्गाच्या दुभाजकातली छाटणी फुकट मिळते म्हणून गाडीत भरून आणू नका, त्यात कण्हेरच असते. खानापूर भागात काजऱ्याचं (कुचल्याचं) विषारी झाड ओळखायला घरातल्या प्रत्येकाला शिकवा. मोगली एरंड, रुई, बेशरम हीसुद्धा भाऱ्यात नकोत. तोडायला मजूर पाठवत असाल तर पहिल्या दिवशी स्वतः बरोबर जा. आणि राखीव जंगलातला पाला आपला नाही. तो तोडला तर गुन्हा दाखल होतो, आणि उन्हाळ्यात ओरबाडलेलं झाड पुढच्या वर्षी पालाही देत नाही.

अनोळखी पाला तुरट किती हे बघायला लोक पान चावतात. जांभूळ, ऐन, बाभूळ यांच्या पानानं तोंड आखडतं, ते टॅनिन. पण विषारी पानंही चवीला साधी लागू शकतात, म्हणून झाड पक्कं ओळखीचं असेल तरच चावून बघा. तुरट पाला दिवसाला 2-3 किलोच्या वर नको. शेण काळपट, गोळ्यागोळ्यांचं व्हायला लागलं तर तो बंद करा.

व्यायला आलेल्या गाईबद्दल वेगळं सांगावं लागतं, कारण इथं चांगल्या हेतूनं चूक होते. ‘गाभण आहे, चांगलं खाऊ दे’ म्हणून शेवटच्या महिन्यात पाला वाढवला जातो. पाल्यात कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस कमी. शेवटचे तीन आठवडे कॅल्शियम आयतं मिळत गेलं की हाडातून ते ओढून काढायची शरीराची सवय मोडते. व्यायल्यावर दूध उतरतं, एकदम गरज वाढते आणि गाय थंड पडून बसते. हाच दुग्धज्वर. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत पाला बंद किंवा 1-2 किलोवर आणा. व्यायल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून पुन्हा हळूहळू वाढवा. फॉस्फरस कमी पडू नये म्हणून एरवी दुभत्या गाईच्या खाण्यात गव्हाचा कोंडा ठेवा. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि 30 ग्रॅम मीठही द्या. झाडपाल्यात सोडियम नावालाच असतं.

लागवडीसाठी वेगळं रान लागत नाही. सुबाभळीचं बी कठीण असतं. उकळी येण्याआधीच्या, साधारण 80 अंशांच्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून मग रात्रभर गार पाण्यात भिजवलं तर एकसारखं उगवतं. पहिले दोन महिने तण काढत राहा, लहानपणी हे झाड फार हळू वाढतं. गिरिपुष्पाला मनगटाएवढ्या जाडीच्या, चार-पाच फूट लांब काठ्या मे अखेरीस किंवा मृगाच्या तोंडावर फूटभर खोल रोवायच्या. काठी उलटी रोवली जाऊ नये म्हणून तोडतानाच बुडाला तिरपा आणि शेंड्याला सपाट घाव घालतात.

पहिली छाटणी सहा महिन्यांच्या आत नको. घाई केली की खोड बारीक राहतं आणि फुटवे कमी येतात. सुबाभूळ, गिरिपुष्प जमिनीपासून तीन फुटांवर छाटा. पावसाळ्यात पुढची छाटणी 40 ते 60 दिवसांनी, उन्हाळ्यात पाणी नसेल तर तीन महिन्यांनी. शेवरीचं खोड पूर्ण बोडकं केलं तर ती मरते, दर छाटणीला दोन-तीन फांद्या पाल्यासकट ठेवायच्या. हादग्यालाही वारंवार खोल छाटणी सोसत नाही, त्याच्या बाजूच्या डहाळ्याच घ्या. शेवगा मात्र दाट, फूटभर अंतरावर लावून गुडघ्याच्या खाली दर 45-50 दिवसांनी कापला तरी फुटतो. सुबाभळीला शेंगा धरू देऊ नका. बी झडलं की शेजारच्या रानात उगवतं आणि बांधावरून भांडण होतं. याच कारणानं रांग आपल्या हद्दीत तीन-चार फूट आत घ्या.

एका गाईला किती झाडं, असं विचारलं जातं. पावसावरच्या बांधावर रांगेच्या एका मीटरला वर्षाकाठी 4-5 किलो खाण्याजोगा पाला हा सावध अंदाज धरा. रोज 8 किलोप्रमाणे 300 दिवसांना 2,400 किलो लागतात, म्हणजे सुमारे 500 मीटर रांग. एका एकराच्या चारी बाजूंची लांबी अडीचशे मीटरच्या आसपास भरते. चारी बांधांवर दुहेरी रांग केली तर एका गाईचं भागतं. चार गाई असतील तर पाला फक्त जास्त दुधाच्या आणि ताज्या व्यायलेल्या गाईंना द्या. सगळ्यांना मूठमूठ वाटून कुणालाच पुरत नाही.

पावसाळ्यात पाला जास्त होतो आणि मार्च ते मेमध्ये नसतो, म्हणून साठवण. सप्टेंबर-ऑक्टोबरची छाटणी वाळवायला सर्वात चांगली. ताडपत्रीवर, सावलीत, दोन-तीन दिवस, दिवसातून दोनदा उलथत वाळवा. कडक उन्हात रंग आणि त्याबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचं कॅरोटिन जातं. काडी झटकली की पान आपोआप गळून पडतं. 100 किलो ओल्या पाल्याचा 28-30 किलो वाळका होतो. पेंडीत तो दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत मिसळता येतो. मुरघासात, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेल्या वैरणीत, एकटा पाला घालू नका. त्यात साखर कमी असल्यामुळे तो आंबत नाही, सडतो. 70 भाग मका किंवा ताजे वाढे आणि 30 भाग पाला, कुट्टी इंचाच्या आत, थराथरानं दाबून हवा काढायची. वाढे थोडे सुकलेले असतील तर शंभर किलोला दोन-तीन किलो काकवी पाण्यात पातळ करून शिंपडा. 45 दिवसांनी उघडल्यावर आंबूस गोड वास आला पाहिजे.

वाळका पाला पोत्यात भरण्याआधी मुठीत दाबून बघा. पान चुरचुर मोडलं आणि रंग हिरवा राहिला असेल तर भरा. दबून तसंच राहिलं तर आणखी एक दिवस पसरा. पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या घाला. वळवाच्या पहिल्या पावसानंतर प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. आत ऊब लागली किंवा कोंदट वास आला तर ते पोतं उकिरड्यावर जाऊ द्या. गिरिपुष्पाचं असेल तर अजिबात मोह करू नका.